वाकणारा बाण

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवा. नंदुरबार जिल्हा सापडला? पूर्वी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. आता बोट जरा वर सरकवा. तापी नदी ओलांडली, शहादा-तळोदा मागे टाकलं, की सातपुडा सुरू होतो. त्या डोंगरांच्या पोटात आहे अक्राणी तालुका. त्याचं मुख्य गाव धडगाव. त्याहून वर गेलात तर थेट नर्मदामाई!

तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. एसटी धापा टाकत वर चढते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा खिडकीचा गज घट्ट धरून बसलो होतो. शेजारची म्हातारी मात्र मांडीवर कोंबडी घेऊन निवांत झोपली होती!

घाट संपला की वेगळंच जग दिसतं. आपल्याकडे घरं कशी एकमेकांना चिकटून असतात. इथं तसं नाही. एक घर या टेकडीवर, दुसरं समोरच्या उतारावर. मध्ये शेत, नाला, महूची झाडं. अशा विखुरलेल्या घरांचा मिळून एक पाडा. भिंती कुडाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्या विणून त्यावर माती लिंपलेल्या. इथं राहतात भिल्ल आणि पावरा समाजाची माणसं. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल वाजतात, पायांत घुंगरं येतात, आणि कितीतरी जणांच्या खांद्यावर दिसतो तो तीरकामठा!

तीरकामठा म्हणजे धनुष्यबाण. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीसुद्धा बांबूचीच. बांबूची लांब पातळ पट्टी काढून तीच दोरीसारखी बांधायची. मी तर बघतच राहिलो. दुकानातून काहीच आणायचं नाही! तीराचं लोखंडी टोक तेवढं लोहाराकडून घ्यायचं.

याच तालुक्यात अस्तंभा नावाचं शिखर आहे. उंची १३०० मीटरांपेक्षा जास्त. दिवाळीत तिथं अश्वत्थाम्याची यात्रा भरते. अश्वत्थामा कोणाचा मुलगा? द्रोणाचार्यांचा. आणि द्रोणाचार्य म्हटलं की एकलव्याची गोष्ट आलीच. ती तुम्हांला ठाऊकच आहे. पण आज मी एकलव्याची गोष्ट सांगणार नाही. आज सांगायची आहे ती माझ्याच एका चुकीची गोष्ट.

माझ्या शाळेत पाचवीत एक मुलगा होता. अभ्यासात मधलाच. फळ्यापुढे उभा केला की नुसता पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचा. पण मधल्या सुटीत हातात कामठा आला की पाहत राहावं! वीस पावलांवर कडब्याची पेंढी उभी करायची, तिच्यावर पळसाचं पान टोचायचं, आणि हा त्या पानाला नेमका तीर मारायचा. एकदा नाही, दहादा.

त्या वर्षी मुलांच्या तिरंदाजीच्या स्पर्धा होत्या. मी त्याचं नाव दिलं. त्याचे तीर पाहिले तर बोरूसारख्या गवताच्या काड्यांचे. ठिकठिकाणी पेरं, दोरा गुंडाळलेला, रंग नाही की चकाकी नाही. मला वाटलं, चारचौघांत हे असले तीर घेऊन पोरगं कसं उभं राहील? मी पदरचे पैसे घातले आणि शहरातून सहा नवेकोरे लाकडी बाण आणले. गुळगुळीत, जाडसर, पॉलिश केलेले. मागे लाल-पिवळी पिसं!

त्यानं एक बाण हातात घेतला. दोन्ही टोकं धरून मधोमध अंगठ्यानं दाबून पाहिला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, हा कडक आहे."

मी हसलो. म्हटलं, "अरे, कडक म्हणजे मजबूत! चांगलंच की!"

तो पुढे काही बोलला नाही. मुलं गुरुजींपुढे फार बोलत नाहीत, हे मला तेव्हा चांगलं वाटायचं. आता वाटत नाही.

स्पर्धेच्या दिवशी पहिला बाण डावीकडे गेला. दुसराही डावीकडे. तिसरा, चौथा, सगळे डावीकडे! सहापैकी एकही मधल्या रंगात लागला नाही. मुलं हसली. परतीच्या वाटेवर मी त्याला रागावलो. "हात हलला तुझा! घाबरलास! रोज शाळेत मारतोस ते काय?" त्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या पाड्याकडे निघालो.

दोन नाले आणि एक टेकडी ओलांडून घर आलं. अंगणात त्याचे आजोबा शेकोटीपाशी बसले होते. "राम राम" झालं. मला पावरी बोली जेमतेम समजायची आणि आजोबांना मराठी. पण मुलाची थोरली बहीण सातवीत होती. ती मध्ये बसली आणि दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोहोचवू लागली. मुलगा दारामागे उभा होता. नुसते पाय दिसत होते.

मी घडलेलं सगळं सांगितलं. आजोबांनी एकच प्रश्न विचारला.

"तीर सगळे एकाच बाजूला गेले, की इकडे-तिकडे गेले?"

"एकाच बाजूला. डावीकडे."

आजोबा हसले. बहीण म्हणाली, "आजोबा म्हणतात, हात हलला असता तर तीर चहूकडे गेले असते. एकाच बाजूला गेले, म्हणजे हात खरा होता. तीर खोटा होता."

मुलांनो, मी चाट पडलो. किती साधी गोष्ट! गणितात एखादा मुलगा दहा उदाहरणांत दहा वेगवेगळ्या चुका करतो, तेव्हा त्याचं लक्ष नसतं. पण दहाही वेळा एकच चूक केली, तर त्याला शिकवतानाच काहीतरी चुकलेलं असतं. हे मला वर्गात कळत होतं, मैदानावर कळलं नाही.

मी पिशवीतून तो पॉलिशचा बाण काढून आजोबांना दिला. त्यांनीही नातवासारखाच मधोमध अंगठा दाबला आणि मान हलवली. मग समोर काड्यांचा भारा पडला होता तो ओढला. पावसाळा संपून गवत पिकलं की या काड्या तोडायच्या आणि सावलीत वाळवायच्या. ओली काडी जड असते आणि लवकर वाकते. वाळली की हलकी आणि ताठ होते. एखादी वाकडी असेल तर निखाऱ्यावर हलकेच शेकायची, एक डोळा मिटून तिच्या रेषेत पाहायचं आणि हातानं सरळ करायची.

आजोबा एकेक काडी दाबत होते आणि ढीग करत होते. तीन ढीग झाले. ताठ काड्या त्यांच्या मुलाच्या मोठ्या कामठ्यासाठी. मध्यम काड्या त्यांच्या स्वतःच्या कामठ्यासाठी. "आता हात थकले, कामठाही हलका केला," ते म्हणाले. आणि सर्वांत लवचीक काड्या नातवासाठी.

"पण बाण ताठ असला तर बिघडलं कुठं?" मी विचारलं. आजोबांनी माझ्याच हातात कामठा दिला.

आता तुम्हीही मनातल्या मनात कामठा धरा बरं. डाव्या हातात कामठा, उजव्या हातानं दोरी ओढायची. बाण कामठ्याच्या डाव्या अंगाला टेकलेला आहे. दोरी सोडली की ती कुठं धावते? कामठ्याच्या मध्याकडे. म्हणजे बाणाची शेपूट मध्याकडे ढकलली जाते, पण मध्यावर तर कामठ्याचं लाकूड उभं आहे! बाणाला त्याच्या बाजूनं जायचं आहे. मग बाण सरळ कसा जाणार? तो तर डावीकडे फेकला जायला हवा. तरीही आजोबांचा तीर नेमका समोर लागतो. हे कोडं तिरंदाजांना फार जुन्या काळापासून पडलेलं आहे. इंग्रजीत त्याला 'आर्चर्स पॅराडॉक्स' असं नाव आहे.

याचं उत्तर डोळ्यांनी दिसत नाही, कारण सगळा खेळ डोळ्याचं पातं लवण्याच्या आत संपतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत अतिवेगवान कॅमेऱ्यानं सुटत्या बाणाची चित्रं घेतली गेली, तेव्हा ते सर्वांना दिसलं. बाण सुटताना वाकतो! दोरीचा जोर मागून येतो आणि पुढचं टोक जड असल्यामुळे मागे राहू पाहतं. मग मधली काडी वाकते. आधी कामठ्याच्या बाजूला, मग लगेच उलट्या बाजूला. असा नागमोडी होत बाण कामठ्याला वळसा घालून निघून जातो, त्याची शेपूटसुद्धा कामठ्याला घासत नाही. पुढे हवेत तो पाण्यातल्या मासोळीसारखा थोडा वेळ हलत राहतो आणि मग स्थिर होतो.

म्हणजे बाण सरळ जायचा असेल तर तो नेमका हवा तेवढाच वाकायला हवा. फार ताठ असेल तर त्याला वळसा घेता येत नाही, कामठा त्याला बाजूला ढकलतो आणि तो डावीकडे जातो. फार मऊ असेल तर तो जास्त वाकतो आणि उजवीकडे जातो. डावखुऱ्या तिरंदाजाचं मात्र याच्या बरोबर उलट होतं.

मी आणलेले बाण मोठ्या माणसाच्या जोरदार कामठ्यासाठी होते. पाचवीतल्या मुलाच्या हलक्या कामठ्याला ते वाकतील कसे? त्यानं सहाही बाण अगदी सारखे मारले होते, म्हणून सहाही सारखेच चुकले. हात हलला नव्हता. मीच चुकलो होतो. आणि त्यानं मला आधी सांगितलंही होतं!

तेवढ्यात दारामागचे पाय बाहेर आले. आजोबांनी नातवाला हाक मारली आणि एक लांब काडी त्याच्या हातात दिली. टोक बसवलं, पिसं बांधली, आणि आम्ही सगळे शेताच्या बांधाशी गेलो. त्याच्या पलीकडे मातीचा उंच उतार होता, माणसाचं येणंजाणं नव्हतं.

पहिला तीर उजवीकडे गेला. म्हणजे काडी मऊ. आजोबांनी टोक काढलं, पुढून बोटभर काडी कापली आणि टोक पुन्हा बसवलं. दुसरा तीर कमी उजवीकडे. पुन्हा थोडी काडी कापली. तिसरा तीर समोर! काडी जितकी आखूड तितकी ती ताठ होते. म्हणून सुरुवात नेहमी लांब काडीनं करायची. कापता येतं, पण कापलेलं जोडता येत नाही.

"आणि जास्त कापली गेली तर?" मी विचारलं. यावर मुलगाच बोलला. पहिल्यांदाच, मान वर करून. "मग जड टोक लावायचं, गुरुजी. टोक जड असलं की काडी जास्त वाकते. नाहीतर तो तीर काकाला द्यायचा. त्याचा कामठा जोराचा आहे."

पाहा, फळ्यापुढे न बोलणारा मुलगा हाच बरं का!

आजोबा दोरी ओढताना मी आणखी एक गोष्ट पाहिली. त्यांची पहिली दोन बोटं दोरीवर होती, अंगठा नुसताच बाजूला. एकलव्याची गोष्ट आठवून मी जरा दचकलोच. पण ऑलिंपिकमध्ये धनुष्य ओढणारे खेळाडूही दोरी बोटांनीच ओढतात, अंगठ्यानं नाही. मंगोलियासारख्या देशांत मात्र अंगठ्यानं दोरी ओढण्याची जुनी रीत आहे. दोन्ही रीतींनी नेम साधतो.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला. मी सर्व मुलांसमोर त्याला म्हटलं, "त्या दिवशी मी तुला उगाच रागावलो. चूक माझी होती." वर्ग एकदम गप्प झाला. गुरुजी असं म्हणू शकतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं.

मग आम्ही एक प्रयोग केला. बाणाच्या ताठपणाला इंग्रजीत 'स्पाइन' म्हणतात, म्हणजे पाठीचा कणा! तो मोजण्याची एक जुनी रीत आहे. दोन आधार २६ इंच अंतरावर ठेवायचे, त्यावर काडी आडवी ठेवायची, मधोमध २ पौंड वजन टांगायचं आणि काडी किती खाली झुकली ते मोजायचं. आमच्याकडे पौंडाची वजनं कुठली? २ पौंड म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅम. किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं एक आणि २०० ग्रॅमची दोन अशी वजनं आणली, ती पिशवीत घातली, आणि दोन बाकांच्या मध्ये काडी ठेवली.

माझा पॉलिशचा बाण अर्धा इंच झुकला. मुलाचा बोरूचा तीर जवळजवळ एक इंच झुकला. आता ढोबळ हिशेब असा: २६ ला झुकलेल्या इंचांनी भागायचं, म्हणजे तो बाण किती पौंड ओढीच्या धनुष्याला चालेल ते कळतं. २६ भागिले अर्धा म्हणजे ५२ पौंड. २६ भागिले एक म्हणजे २६ पौंड. मग ताणकाट्यानं मुलाच्या कामठ्याची ओढ मोजली. ती भरली साधारण १२ किलो, म्हणजेच २६ पौंडांच्या आसपास! आजोबांकडे ना वजनं होती ना मोजपट्टी. त्यांचा अंगठाच तराजू होता.

वर्गातली एक चिमुरडी म्हणाली, "गुरुजी, मग मोठ्या स्पर्धेतले लोक पण अंगठ्यानं दाबून बघतात?" प्रश्न छान होता. २०२३ साली जर्मनीत बर्लिनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथं कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात साताऱ्याच्या अदिती स्वामीनं मुलींत आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं मुलांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं. अशा स्पर्धांतले बाण कार्बनचे असतात आणि त्यांच्या अंगावर आकडा छापलेला असतो. ५०० लिहिलेलं असेल तर २८ इंचांवरच्या आधारांवर सुमारे ८८० ग्रॅम वजनानं तो बाण ५०० सहस्रांश, म्हणजे अर्धा इंच झुकतो. आकडा जितका लहान तितका बाण ताठ. आपल्या धनुष्याला जुळणारा आकडा त्यांनाही निवडावाच लागतो. फक्त अंगठ्याचं काम यंत्रानं केलेलं असतं.

बांबूच्या कामठ्यावरून ऑलिंपिकपर्यंत गेलेला एक खेळाडू आपल्या देशात होऊन गेला आहे, हेही मी मुलांना सांगितलं. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातले लिंबाराम. लहानपणी ते रानात बांबूच्याच धनुष्यानं नेम धरायचे. १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत ते खेळले. १९९१ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

तुम्हांला घरी काही करून पाहायचं आहे? धनुष्यबाण नको हं! तीर डोळ्याला लागला तर आयुष्यभराचं दुखणं. मोठ्यांनी शिकवल्याशिवाय त्याला हात लावू नका. त्याऐवजी एक प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. ती टेबलाच्या कडेबाहेर १० सेंटिमीटर काढा आणि दुसरं टोक घट्ट दाबून धरा. बाहेरच्या टोकाला दोऱ्यानं दोन-तीन नाणी टांगा आणि ते किती झुकलं ते मोजा. आता पट्टी २० सेंटिमीटर बाहेर काढा आणि तीच नाणी टांगा. लांबी दुप्पट झाली, मग झुकणंही दुप्पट होईल ना? मोजून पाहा. ते जवळजवळ आठपट होतं! दोन गुणिले दोन गुणिले दोन. आता कळलं ना, आजोबा बोटभरच काडी का कापत होते? ३० इंचांच्या काडीतले दोनच इंच कापले तरी तिचं झुकणं जवळजवळ एक पंचमांशानं कमी होतं.

पुढच्या वर्षी तो मुलगा आपले बोरूचे तीर घेऊन स्पर्धेला गेला. नंबर आला का? नाही, थोडक्यात हुकला. पण सगळे तीर मधल्या रंगांत होते, एकही बाजूला गेला नाही. येताना तो एसटीत खिडकीशी बसून बडबडत होता, आणि मी ऐकत होतो.

ते सहा पॉलिशचे बाण? ते अजून शाळेच्या कपाटात आहेत. मुलगा म्हणाला, "टाकू नका, गुरुजी. ते वाईट नाहीत. कोणाचा तरी कामठा त्यांच्या जोराचा असेल." आणि परवा पाहतो तर काय, शाळेमागे चौथीतली एक मुलगी आपला इवलासा कामठा घेऊन उभी होती, आणि हा तिच्यापुढे काड्यांचा भारा सोडून बसला होता. एकेक काडी उचलायची, मधोमध अंगठा दाबायचा, आणि बाजूला ठेवायची.

"ही नको. ही पण नको," तो म्हणत होता. "थांब, तुझी सापडेल."